दिवस आधी की महिना

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दादा अमेरिकेला गेला, मला गुडगावला नव्याने उघडलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि बाबांनी मार्केटमधल्या सायबर कॅफेत जाऊन ई-मेल शिकून घेतली. दादाच्या मेल ते तिथेच वाचत आणि घरी येऊन आम्हाला तोंडी सांगत.

एकदा ते दारातूनच म्हणाले, "अकरा ऑक्टोबरला येतोय. चांगली मोठी सुट्टी घेऊन."

दादा बऱ्याच वर्षांनी येणार होता. आईने आयएनए मार्केटमधून अळूची पानं आणून वड्या वाफवून ठेवल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच विमानतळावर निघाले, बरोबर मी. विमान वेळेवर उतरलं. ट्रॉल्या ढकलत लोक बाहेर आले, गर्दी ओसरली, दादा काही दिसेना. बाबा कठडा धरून उभेच.

"सामान अडकलं असेल," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

शेवटी एसटीडी बूथवरून फोन लावला. दादा तिकडे अमेरिकेत घरीच होता.

"बाबा, मी दहा नोव्हेंबरला येतोय. लिहिलं होतं की. अकरा, रेघ, दहा."

"म्हणजे अकरा ऑक्टोबरच ना?"

"इथे महिना आधी लिहितात, बाबा. सवय झालीय."

फोन ठेवून बाबा मला म्हणाले, "अच्छा. आता तुझ्या दादाचा महिना आधी." हसलेही. पण घर येईपर्यंत टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत राहिले.

माझं तर कामच ते होतं. परदेशी ग्राहकांनी भरलेल्या तारखा वाचून नीट साठवणारा प्रोग्राम मी लिहीत होते. एखादा आकडा बारापेक्षा मोठा असेल, तर तो महिना नाही हे त्याला कळतं. दोन्ही लहान असले की जो क्रम सांगितलाय त्या क्रमाने तो वाचतो आणि पुढे जातो. चुकलं तरी कुठे अडत नाही, कारण दोन्ही तारखा कॅलेंडरात असतातच.

नोव्हेंबर उजाडायच्या आत बाबा गेले. ऑफिसात खुर्चीतून उठताना छातीत कळ आली, आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. दादा मिळेल त्या विमानाने आला. त्याच्यासाठी आम्ही बाबांना बर्फावर ठेवलं होतं.

स्मशानातून परतल्यावर तो जिन्याच्या पायरीवरच बसला. "मी सरळ नोव्हेंबर असं का नाही लिहिलं गं?"

"लिहिलं असतंस तरी आला नोव्हेंबरातच असतास, दादा."

"पण तिथे उभं राहून त्यांनी वाट तरी पाहिली नसती."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

दिवसकार्य उरकून दादा परत गेला. मी कामावर रुजू झाले आणि आमच्या प्रोग्राममध्ये आकड्यात महिना घेणंच बंद करून टाकलं. लोकांनी महिन्याचं नाव निवडायचं. टीम लीडला एवढंच सांगितलं, की दोन अर्थ निघायला नकोत. "बढ़िया है यार," तो म्हणाला.

पुढे ग्राहकाची तक्रार आली. नाव निवडण्यात वेळ जातो, जुनंच बरं होतं. टीम लीडने बोलावून विचारलं, "हटा दें?"

मी मानेनेच हो म्हटलं, जागेवर येऊन बसले आणि महिन्याची नावं काढून टाकली.