मंगळवारची खिडकी

"स्टॉक नथी, बेन. आवता अठवाडिये आवजो." औषधांच्या खिडकीवरचं हे गुजराती उत्तर ऐकून म्हातारी माणसं कामगार विमा दवाखान्याच्या पायऱ्या उतरतात आणि पुढच्या आठवड्यात तेच ऐकायला पुन्हा चढतात. माझे सासरे, आबा, सत्तरीला आलेत. लिंबायतीतून रिक्षाने जायचं, तीन तास ओळीत उभं राहायचं, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या महिन्याच्या मागितल्या तर हातात पडतात सात दिवसांच्या. आठव्या दिवशी म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? दोन वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. तेव्हा त्या खिडकीत औषधं द्यायला श्री. मुरलीधर वाणी बसत होते. त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून आपलं मंडळ हा अंक काढतंय, आणि मंडळवाले मला म्हणाले, ताई, साहेबांबद्दल चार चांगले शब्द लिहा. लिहिते. पण हे आधी लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे जात नव्हतं.

वाणीसाहेबांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. आबा बमरोलीच्या मिलमध्ये मागावर होते, ते वयाने निवृत्त झाले. नोकरी संपली की विमा संपला, असं आमच्या गल्लीत सगळेच धरून चालत. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये, म्हणून मी आबांचं विम्याचं कार्ड परत करायला दवाखान्यात गेले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"कार्ड. काम सुटलं. घ्या तुमचं."

"आणि त्यांच्या गोळ्या?"

"बंद आहेत. चार महिने झाले."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कार्ड परत करायला आलात. सासरेही परत करायचेत का?"

मी काय ऐकून घेते! चांगली पाच मिनिटं बोलले. मागची ओळ हसत होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं की निवृत्त कामगाराला आणि त्याच्या बायकोला विम्याचं औषध चालू राहतं. फक्त मिलचं पत्र आणायचं आणि दर वर्षी कार्ड पुढे चालू करून घ्यायचं. हे आम्हाला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं. ना मिलने, ना युनियनने.

मिलवाल्यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं, तेही दोनदा. तिसऱ्या वेळी वाणीसाहेब स्वतःची रजा टाकून सायकलवर बमरोलीला गेले. तिथल्या कारकुनांना म्हणाले, "पत्र होईपर्यंत मी बसतो. डबा आणलाय." दुपारी पत्र मिळालं. डबा त्यांनी त्याच कारकुनांबरोबर वाटून खाल्ला. आमच्या गल्लीतल्या आणखी सात घरांची पत्रं मग त्याच कारकुनांनी काढून दिली.

त्यानंतर साहेबांनी मंगळवार ठरवला. मंगळवारी सकाळचे दोन तास खिडकी फक्त निवृत्तांसाठी. बसायला बाकडं, आणि औषध पूर्ण महिन्याचं. कुणाची कोणती गोळी कधी संपणार, हे ते एका वहीत लिहीत आणि मागणी आधीच वर पाठवीत. म्हणायचे, "माणूस काही एका दिवसात म्हातारा होत नाही. मग त्याची गोळी एका दिवसात कशी संपते?"

साहेब चुकले नाहीत असं नाही. आबांना त्यांनी समजावलं होतं, "ही पाण्याची गोळी दिवसपाळीची, ही दुसरी रातपाळीची." आबा खूश. पंधरा दिवस सगळं बरोबर चाललं. सोळाव्या दिवसापासून आबा रात्रभर चाळीच्या संडासाकडे फेऱ्या मारायला लागले. मी गोळ्या बघितल्या तर लघवी वाढवणारी ती पाण्याची गोळी रात्री घेतलेली!

"आबा, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? पंधरा दिन व्हयनात. पाळी बदलनी ना वं!"

चाळीस वर्षं दर पंधरा दिवसांनी पाळी बदललेला माणूस. त्यांनी गोळ्यांचीही बदलली. मी तणतणत दवाखान्यात गेले, वाटलं साहेब म्हाताऱ्याला हसतील. ते हसले नाहीत. "चूक माझी. विणकराला मी पाळी सांगायला नको होती," म्हणाले, आणि संध्याकाळी घरी येऊन आबांची माफी मागितली. मोठ्या माणसाने माफी मागितली म्हणून आबाच कावरेबावरे झाले. "साहेब, मी बिनापगारनी रातपाळी करी टाकी," म्हणाले. तेव्हा मात्र साहेब पोट धरून हसले. तेव्हापासून ते प्रत्येक म्हाताऱ्याला आधी विचारायचे, "मिलमध्ये खातं कोणतं होतं?" आणि मग औषध सांगायचे, पाळीचं नाव न काढता, चहाबरोबर किंवा भाकरीनंतर असं.

चार वेळा चहाला बोलावलं तर एकदा यायचे. ओरडायचे फार. पण घाबरून कुणी औषध न घेता परत गेलं, असं मी बघितलं नाही.

निवृत्त होताना साहेबांनी ती वही खिडकीत ठेवली, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडावी म्हणून. आता तिच्यावर चहाचे कप ठेवतात. हे मी त्यांना सांगितलं. मग दिवाळीनंतर त्यांनी दवाखान्यात अर्ज दिला: मंगळवारी दोन तास मी बिनपगारी बसतो, मागणीची वही लिहितो, औषध तुमचा माणूस देईल. त्या अर्जाला अजून उत्तर नाही.

वाणीसाहेब शंभरी गाठोत, त्यांचे गुडघे आणि आवाज दोन्ही असेच खणखणीत राहोत, आणि त्या खिडकीवर "स्टॉक नथी" ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी न येवो.

आता दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना. आपण या समारंभाला पाहुणे आहात, हा अंक आपल्या हातात पडणारच. हार घालून नुसते जाऊ नका. अर्जाला होय म्हणा. नाही म्हणायचं असेल तर वही कोण लिहिणार, त्यांचं नाव सांगा. समारंभ रविवारी आहे. आबांच्या गोळ्या सोमवारी संपतात. मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांना घेऊन खिडकीवर येते. उत्तर तेव्हा पाहिजे.