कुसुमबाईंच्या ट्रंकेतले कागद

बाई गेल्याचा फोन पुतणीनं, बेबीनं केला. "काका, कुसुमबाई गेल्या," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते "नक्की? तुला कोणी सांगितलं?" बेबी म्हणाली, "काका, आता तरी..." तिचं बरोबर होतं. बाईंविषयीची ऐकीव गोष्ट खरी मानण्याचा आणि इतरांना मानायला लावण्याचा उद्योग मी एकदा करून बसलो होतो. तेव्हापासून त्यांच्याबद्दल कोणी काही सांगितलं की मी दोनदा विचारतो. ही बातमी खरी निघाली. दीड महिना झाला त्याला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी तेवीस वर्षांचा, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. डिलाईल रोडच्या चाळीत थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची बेबी यांच्यासोबत राहायचो. चाळीच्या तोंडाशी एक फळा टांगलेला होता. त्यावर रोज सकाळी कामावर जाण्याआधी चळवळीच्या बातम्या आणि घोषणा खडूनं लिहायच्या, हे काम माझं. अक्षराचा मला भलता गर्व होता. प्रत्येक अक्षराला शेपूट, प्रत्येक शेपटीला गाठ. लोक थांबून वाचायचे. मला वाटायचं अक्षरावर खूश आहेत. अक्षर लागत नसल्यामुळे थांबत होते, हे फार पुढं कळलं.

त्याच सुमारास तळमजल्यावरच्या खोलीत कुसुमबाई राहायला आल्या आणि त्यांनी बालवर्ग सुरू केला. तिशीच्या विधवा, गिरगावातल्या, बोलणं एकदम शुद्ध. गिरगावची बाई भावाचं घर सोडून आमच्या चाळीत कशाला येईल, हा पहिला संशय. दुसरा त्यांच्या शिकवण्याचा. वर्गात पाटी नाही, पेन्सिल नाही. पोरं तांदूळ निवडायची, ओली फडकी पिळायची, मणी ओवायची, फरशीवर खडूनं काढलेल्या मोठ्या अक्षरांवर चिंचोके मांडायची. "पोराक शाळेत धाडलंय की वाण्याच्या दुकानात?" राणेकाकू गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या. बाई शांतपणे सांगायच्या, "बोटांत जोर आला नाही तर मूल पेन्सिल मुठीत धरतं, काकू. मग ती मूठ जन्मभर सुटत नाही." काकूंना ते पटलं नाही. मलाही नाही. पण वर्ग भरायचा, कारण पोरं आनंदानं जायची.

मग बाईंनी एक नवीनच काढलं. प्रत्येक घरातल्या माणसानं आपल्या हातानं, मोठ्या अक्षरात, मुलाचं नाव एका कागदावर लिहून द्यायचं. मूल त्यावरून आधी बोट फिरवणार, मग चिंचोके मांडणार, आणि अगदी शेवटी पेन्सिलीनं गिरवणार. घरच्या अक्षरावरून बोट फिरताना मूल भीत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं तिथल्या आईकडून बाई कागदावर रांगोळीची नक्षी काढून घ्यायच्या. बेबीचा कागद अर्थातच मी लिहिला. अर्धा तास लावून, सगळ्या शेपट्यांसकट.

आणि दोनच दिवसांनी चौकीवरचा हवालदार बाईंच्या खोलीतून बाहेर पडताना मला दिसला. हातात गुंडाळलेला कागद.

तेव्हाची हवा आज सांगून कळायची नाही. पोलीस माणसं उचलून नेत होते. फळ्यावर कोण लिहितं, भिंती कोण रंगवतं, याची चौकशी चाळीचाळीतून चालू होती. मी जिन्यातच थिजलो. आणि मग डोक्यात सगळं धडाधड जुळत गेलं. गिरगावची बाई इथं का आली? पेन्सिल न देता शाळा का चालवते? घराघरातून हस्ताक्षरं का गोळा करते? माझी हुशारी बघून मीच चकित झालो. बाई पोलिसांच्या खबरी आहेत, ही गोष्ट मी फक्त एका माणसाला, अगदी विश्वासानं सांगितली. तो आमचा न्हावी होता.

दुपारपर्यंत चाळीला कळलं, संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन चाळींना. दुसऱ्या दिवशी वर्गात पाच पोरं आली, आठवड्याच्या शेवटी एक. बेबीला मीच थांबवली. "भावजी, पोर रडतेय हो. तिला चिंचोके हवेत," वहिनी म्हणाली. मी तिला देशाची परिस्थिती समजावून सांगितली. बाई रोज दार उघडून, फरशी पुसून, अक्षरं काढून बसायच्या. वर्ग बंद पडला तर खोली सोडून परत भावाच्या घरी जावं लागणार होतं, आणि तिथं त्यांना काय दिवस काढावे लागले होते ते त्यांनी वहिनीला एकदा सांगितलं होतं. वहिनीनं तेही मला सांगितलं. मी म्हटलं, नाटक असेल.

पण माझा कागद त्यांच्याकडे होता, त्याचं काय? बाई नळावर गेल्याचं बघून मी खोलीत शिरलो. कोपऱ्यात लोखंडी ट्रंक. उघडली, तर वरच कागदांची चळत. मी गुडघ्यांवर बसून, डोकं आत घालून एकेक कागद उलटत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "खालून तिसरा बघा."

बाई भरलेली घागर कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या.

खालून तिसरा माझा होता. बाकीचे कागद बोटं फिरून फिरून तेलकट झाले होते, काही मधोमध झिजले होते, राणेकाकूंची रांगोळी तर अर्धी पुसली गेली होती. माझा मात्र दिला तसा कोरा करकरीत. "हा वापरला नाही?" मी विचारलं. बघा, पकडला गेलो होतो आणि मला राग कशाचा आला, तर याचा.

"नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्या शेपट्या बघून पोर गोंधळली. बोट कुठं न्यावं कळेना तिला. मग वहिनींकडून दुसरा आणला."

"आणि हवालदार काय घेऊन गेला?"

"त्याच्या मुलीचा कागद. तुमच्या चाळीतल्या बायका पोलिसाच्या पोरीला वर्गात बसू देतील? म्हणून घरी गिरवायला देते."

"त्यानं काही विचारलं नाही?"

"विचारलं ना. फळ्यावर कोण लिहितं, म्हणाला." घागर खाली ठेवून त्यांनी पदरानं हात पुसले. "म्हटलं, ज्याला लहानपणी कोणी नीट बसवून शिकवलं नाही, असा कोणीतरी. असे इथं घरटी दोन आहेत, शोधा."

मी माझा कागद परत ट्रंकेत ठेवला. चोरायची सोयच राहिली नव्हती.

आता झालेलं निस्तरायचं होतं. मी दारोदार फिरलो, माझी चूक झाली, बाई तशा नाहीत, असं सांगत. त्याचा परिणाम उलटा झाला. "काल खबरी होती, आज नाही?" राणेकाकूंनी माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "काय रे बाळू, तुका काय गावला?" न्हाव्यानं तर त्या आठवड्यात दाढी करताना माझ्याशी एक शब्द बोलू नये... मी पुन्हा बाईंकडे गेलो. म्हटलं, कोणी ऐकत नाही. त्या म्हणाल्या, "सांगू नका कोणाला काही. उद्यापासून कामावरून आलात की इथं येऊन बसा. दार उघडं ठेवून."

तेवीस वर्षांचा बाप्या, मांडी घालून, चाळीच्या वाहत्या रस्त्यात उघड्या दारात बसून अक्षरांवर चिंचोके मांडू लागला. पहिल्या दिवशी फडकी पिळली. दुसऱ्या दिवशी पाव शेर तांदूळ निवडले. बाई माझ्या मागं बसून, बोटांना हात न लावता, फक्त कोपर धरायच्या. "खांद्यातून नाही, बाळकृष्णराव. मनगटातून." ही जत्रा बघायला बायका कडेवरची पोरं घेऊन दारात जमू लागल्या. पोरं खाली उतरून माझे चिंचोके पळवू लागली. हसता हसता आयांच्या ध्यानात आलं नाही की आपण पोर तिथंच ठेवून घरी आलोय. महिन्याभरात वर्ग भरला. सगळी आली असं नाही. तीन घरांतली मुलं कधीच परत आली नाहीत, आणि बाई त्या दारांवरून जाताना नेहमी मान खाली घालून जायच्या. त्यांना तसं जायला मी लावलं होतं. पुढं त्यांनी त्याच खोलीत दोन पिढ्यांची बोटं वळवली, पण ती तीन दारं काही उघडली नाहीत.

परवा त्या खोलीवर गेलो. फरशीवर खडूच्या अक्षरांच्या जागी दगड गुळगुळीत होऊन खोलगट झालाय. अनवाणी उभं राहिलं की तळव्याला अक्षर लागतं. मी तसाच उभा होतो, तेव्हा शेजारची एक म्हातारी आत आली. त्या तीन घरांपैकी एका घरातली सून. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "चांगल्या होत्या हो बाई. पण पोलिसांच्या होत्या म्हणे. खरं का?"

म्हटलं, "साफ खोटं."

"तुम्हांला काय ठाऊक?"

"ती आवई मीच उठवली होती."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. मग एक पाऊल मागं सरली. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे पोलिसांचे तुम्ही होता?"

मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. चाळीच्या फाटकाशी पोचून मागं बघितलं, तर ती गॅलरीत दुसऱ्या एका बाईच्या कानाला लागली होती, आणि दोघी माझ्याकडे बघत होत्या. चाळीत परत एक आवई निघाली होती. या खेपेला ती योग्य माणसाबद्दल होती, म्हणून मी काही तिला थांबवायला गेलो नाही.