दोघांनीही हो म्हणायला हवं

धक्क्यावर तिला सगळे जाळीवाली वहिनीच म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा सासूने हातात सुई दिली. तेव्हापासून लिलावाच्या शेडच्या दाराशी पाय पसरून, मांडीवर फाटलं जाळं घेऊन तिचा जन्म गेला. जाळं खडकाने फाडलंय की कुणी सुरी फिरवलीय, हे तिची बोटं सांगत. तोंडही सुईइतकंच चालायचं.

वर्षापूर्वी शेजारच्या देशाच्या गस्ती बोटीने तिच्या नवऱ्याला बोटीसकट धरून नेलं. तो हद्दीच्या अलीकडेच होता, असं सगळे बोटवाले सांगत. पण दाद मागायची कुठे? शेजारच्या देशाने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता, हिच्या देशाने नव्हता. दोघांनी मानल्याशिवाय खटला उभाच राहत नाही, हे तिने वकिलाला भंडावून समजून घेतलं होतं. आता तो अधिकार मानावा का, यावर सरकार विचार करत होतं, म्हणून खासदार धक्क्यावरच्या लोकांचं मत विचारायला शेडमध्ये आले होते.

"आपण हो म्हटलं की त्यांना तिथे खेचता येईल," खासदार म्हणाले. "पण मग तेही आपल्याला खेचतील. नीट विचार करा."

तिचा धाकटा दीर उठला. "नको ही ब्याद, साहेब. वहिनी, दादासाठी माझाही जीव तुटतो. पण आपल्याही बोटी पलीकडे जातात, त्यांची जाळी कापून आणतात. उद्या त्याचा जाब विचारला तर?"

"विचारू देत."

"पहिला मीच सापडेन ना!"

"सापडा. भाऊजी, ती जाळी आपल्या जाळ्यांना कुणी जोडून दिली? मीच. त्यांच्या जाळ्यांचा पिवळा दोरा मला दिसत नव्हता होय? तिथे आपल्याला विचारतील, तसं त्यांनाही विचारतील. इथे वर्षभर कुणीच कुणाला विचारलेलं नाही."

"नवऱ्यासाठी दिराला विकायला निघाली!" मागून एकजण म्हणाली.

"विकते कुठे गं? फुकट देतेय."

हशा पिकला, पण दिराचा चेहरा उतरला. हात वर करायला सांगितल्यावर तिचा हात पहिला वर गेला. मग इकडेतिकडे पाहत आणखी काही. दिराने आपले हात काखेत दाबून धरले.

"मतं वेगवेगळी आहेत, असं वर कळवतो," म्हणत खासदार गाडीकडे निघाले.

"असं गुळमुळीत सांगणार असाल तर मीच वर सांगायला येते," ती मागोमाग गेली. "आमची चूक आम्हीच आधी बोललो, तर आमच्या तक्रारीत दम राहील."

"अहो, आत्ता? अशाच?"

"मासळीचा वास येईल. काच खाली करा."

ती मागच्या सीटवर बसली. दार लावणार, तोच दिराने ते धरलं. त्याचे कान लाल झाले होते.

"सरक," तो म्हणाला. "जाळी मी कापली. तू काय अंदाजाने सांगणार आहेस?"

ती सरकली.