सहावी चिठ्ठी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. गणित शिकवण्यात जन्म गेला. जे सिद्ध होत नाही त्याला मी फळ्यावर जागा दिली नाही. या सदरातले तुमचे अनुभव वाचून मी क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये एकटीच हसत असते. पण नात इरा मागे लागली, "आजी, तुझा ते चिठ्ठीवाला स्टोरी लिही ना, नाहीतर मीच लिहिते." तिचं मराठी ऐकलंत... तेव्हा मीच लिहिलेलं बरं.

तर चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. यॉर्कशरचा किनारा, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर लाल विटांचं एक छोटंसं टीचर ट्रेनिंग कॉलेज. जर्मनीहून येऊन स्थायिक झालेल्या लुथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी फार पूर्वी काढलेलं. आता तिथे फ्लॅट्स झालेत, त्यामुळे नाव देत नाही — राहणाऱ्यांची झोप कशाला उडवा. शिकवणारे आम्ही सहा. रोज सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, तिथे सगळ्या स्टाफने चार सुरांत गायचं, मग कॉफी. लुथरन मास्तराला ऑर्गन आलाच पाहिजे असा त्यांचा जुना दंडक. मला माहेरच्या पेटीवर जेमतेम सा सापडायचा. प्रिन्सिपॉल डॉ. ब्रांट हे पाद्रीही होते. त्यांनी मला ऑर्गन माफ केला आणि वर्षभराच्या प्रोबेशनवर गणिताला घेतलं.

त्या वेळची मी म्हणजे काय सांगू... सत्तावीस वर्षांची ती बाई आज दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. पुण्याची सुवर्णपदकवाली. कडक इस्त्रीची साडी, खाली लोकरीचे मोजे, आणि इंग्रजी असं की रेडिओवर बातम्या देतेय. मला वाटलेलं, मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की सगळे चाट पडतील. कुणी चाट पडलं नाही. "मिसेस केळकर, थंडी वाढली, नाही?" एवढं एक वाक्य दिवसाला मिळायचं, पाऊस असला तर तेही नाही, कारण मग ते उघडच असायचं. हे ग्लासगोला हॉस्पिटलात नोकरीला, महिन्यातून एखादा रविवार भेटायचे. मी स्टाफरूमच्या खिडकीशी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतेय असं दाखवायची. खरं म्हणजे मी त्या चौकोनांत माहेरच्या माणसांची नावं भरायची. आडवी मोठी माणसं, उभी भाचरं.

फेब्रुवारीत मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. ठरवलं होतं, वर्ष संपेपर्यंत कुणी धड बोललं नाही तर तो द्यायचा आणि गणिताला रामराम ठोकून ग्लासगोला जाऊन पोळ्या लाटायच्या. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "ये" म्हणाले असते, आणि मग हरल्याचं खापर फोडायला कुणी उरलं नसतं.

त्या कॉलेजात एक प्रथा होती. बुधवारी दुपारी अडीचला स्टाफपैकी एकाने शेजारच्या शाळेतल्या मुलांना सगळ्यांदेखत धडा द्यायचा. बाकीचे पाच जण वर्गाच्या मागच्या लांब बाकावर. प्रत्येकाला एक चिठ्ठी. हस्तकला शिकवणाऱ्या मिस हार्टली निळ्या जाड कागदाच्या त्या कापायच्या, माणशी एक, मोजून पाच. तिच्यावर तीन ओळी लिहायच्या: काय चांगलं होतं, काय चुकलं, आणि एक प्रश्न. सही नाही. चिठ्ठ्या चॅपलच्या लाकडी दानपेटीत पडायच्या, आणि ज्याचा धडा त्याने ती पेटी एकट्याने उघडायची. सगळ्यात कडक नियम पुढचा: चिठ्ठ्यांबद्दल नंतर कुणी कुणाशी अवाक्षर काढायचं नाही. बोललं की माणूस स्वतःची बाजू मांडू लागतो, म्हणे.

मार्चमध्ये माझा नंबर लागला. विषय अपूर्णांक. सगळं छान चाललं होतं, म्हणजे माझ्या मते. शेवटी एका मुलीने विचारलं, "मिस, दीड-दीड फुटांच्या तेरा फळ्या लावल्या तर?" आता, लहानपणी आम्हाला दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, चालीवर तोंडपाठ. फळ्याकडे वळता वळता मनात आलंच — तेरा दिढे साडेएकोणीस. पण या साहेबांपुढे परकरातलं पाठांतर कसं दाखवायचं? मग मी फळाभर गुणाकार मांडला, छेद काढले, वर चेहरा असा की बघा, शोधतेय... आणि सापडलं. डॉ. ब्रांटनी मानसुद्धा हलवली. काय ते नाटक.

खोलीवर येऊन पेटी उलटी केली. एकीत "आवाज स्पष्ट". एकीत "खडू नीट धरता". एकीत "साडी सुरेख, पण मुलं साडी बघत होती, त्याचं काय?" अशा पाच, पाचही शाईच्या. आणि सहावी. तोच निळा कागद, तशीच घडी, पण पेन्सिलीने लिहिलेली. इंग्रजी, जुन्या वळणाचं, तिरकं. चांगलं काय, चुकलं काय, काही नाही. नुसतं एवढं: "उत्तर तुम्हाला आधीच येत होतं. ते तुम्ही गाण्यासारखं म्हणालात. मुलांपासून का लपवलंत?"

पण उत्तर मनात आलं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून होते. ओठ हलले असतील तर ते फळ्याने पाहिले. आणि दिडकीला चाल असते हे त्या पाचांपैकी कुणाला माहीत असणार?

नंतर महिनाभर मी गुप्तहेर झाले. कपबशा धुण्याच्या पाळ्यांचा कागद, ग्रंथालयाचं रजिस्टर, डॉ. ब्रांटनी दारावर लावलेल्या सूचना... सगळ्यांची अक्षरं ताडून पाहिली. एकाचंही जुळेना. आणि नियमामुळे विचारायची सोय नाही. हे म्हणाले, "टेन्शनमध्ये तूच लिहिली असशील." नवऱ्यांना सगळ्याचं उत्तर येतं.

पण तो प्रश्न काही सुटेना. राग आला, मग लाज वाटली. जूनमध्ये दुसरा धडा होता, त्यावर प्रोबेशनचा निकाल. म्हटलं, जायचंच आहे तर सगळं दाखवून जाऊ. फळा पुसला, खडू ठेवून दिला आणि यॉर्कशरच्या तीस पोरांना सांगितलं, "माझ्या गावी हे असं म्हणतात." आणि सुरू केलं. एक दिढे दीड, दोन दिढे तीन, तीन दिढे साडेचार... पोरांनी बाक बडवत उचललं. उच्चारांचं पार भरीत झालं, पण चाल अचूक. दहाव्याला पोचलो तेव्हा माझा पदर घसरलेला, केस सुटलेले, आणि पुण्याच्या सुवर्णपदकाची मला आठवणसुद्धा नव्हती.

त्या दिवशीही पेटीत सहा निघाल्या. पाचांवर मजकूर, एकीचा प्रश्न असा होता: "रविवारी माझ्याकडे चहाला याल का?" अक्षर कपबशांच्या कागदावरचं, मिस हार्टलींचं. सहावी कोरी. दोन्ही बाजूंनी पाहिली, दिव्यासमोर धरली. कोरीच.

दुसऱ्या दिवशी चॅपलनंतर डॉ. ब्रांट म्हणाले, "मिसेस केळकर, सप्टेंबरचं टाइमटेबल बघून घ्या." झालं, एवढाच निकाल. राजीनामा मी फाडला. पुढे दोन वर्षांनी हे बदली घेऊन जवळ आले, आणि मी कॉलेज बंद होईपर्यंत तिथेच शिकवलं.

मिस हार्टलींशी मैत्री झाली ती जन्माची. मला केक करता येईना आणि त्यांना चकली पाडता येईना, म्हणून टिकली असावी. कॉलेज बंद झाल्यावर एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. म्हटलं, आता कसला नियम. विचारलं, "त्या मार्चच्या धड्याला तुम्ही चिठ्ठ्या किती कापल्या होत्या?"

"पाच. नेहमी पाचच."

"मला सहा मिळाल्या. दोन्ही वेळेला."

त्यांनी किटली खाली ठेवली. "मग तुझ्याबरोबरच्या बाईंनी स्वतःचा कागद आणला असेल."

"कुठल्या बाई?"

"तुझ्या घरच्या कुणीतरी असतील असं मला वाटलं. बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या, मी सरकून जागा दिली."

"दिसायला कशा होत्या?"

"मी पाहिलं नाही गं," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "असं टक लावून बघणं बरं नाही दिसत. स्टाफरूममध्येही असायच्या ना, खिडकीशी, तुझ्याजवळ. तुम्ही दोघी इतक्या गप्प बसायचात... आम्हाला वाटायचं, मध्ये पडू नये."

मिस हार्टली थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांनी मला विनोद म्हणून एक शब्द ऐकवला नव्हता, आणि त्या दुपारीही चेहरा तसाच होता. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, हेही गेले. बाकीच्या चौघांना विचारायचं राहूनच गेलं.

कागद जास्त कापला गेला असेल, मिस हार्टलींची आठवण घसरली असेल, एखादी विद्यार्थिनी येऊन बसली असेल — मी सगळं मांडून पाहिलंय. कुठल्याच मांडणीने ती पेन्सिलीची ओळ सुटत नाही. इराला मी सांगते, तुला सुटलं तर मला सांग.

मला राग येतो तो फक्त त्या सत्तावीस वर्षांच्या शिष्ट बाईचा. आठ महिने उशीत तोंड खुपसून रडत होती, की इथे माझ्याजवळ कुणी बसत नाही. आणि आठ महिन्यांत एकदासुद्धा तिने मान वळवून शेजारी पाहिलं नाही.