दीड इंच जास्तीची जीप

आमच्या शेजारचे टेलर मास्तर प्रत्येक पँटीत कंबरेला दीड इंच कापड आत सोडतात. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणतात, "पुढे लागेल." गिऱ्हाईक तरुण आणि काटकुळं असेल तर दुखावतं. काही वर्षांनी तेच गिऱ्हाईक श्वास रोखून दुकानाच्या पायरीवर उभं राहतं आणि मास्तर मुकाट्याने शिवण उसवतात. या गल्लीत कोणाची कंबर कधी उसवली हे मी तोंडपाठ सांगेन. माझी सोडून विचारा.

त्यामुळे मास्तरांचं नाव पडलं दीडइंची. अर्थात पाठीमागे.

दुकान भाच्याच्या हाती दिल्यावर मास्तर आता दुपारच्या झोपा काढतील, असा आमचा अंदाज होता. तर एका सकाळी त्यांच्या गेटपाशी ट्रक थांबला आणि त्यातून एक जुनी जीप उतरली. म्हणजे जीपचं जे काही उरलं होतं ते. टप नाही, दिवे नाहीत, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा, आणि खालचा पत्रा गंजून असा चाळणी झालेला की आत बसल्या बसल्या रस्त्यावरचे खडे मोजावेत. चौघांनी ढकलून ती पोर्चमध्ये घातली आणि पोर्चमधली वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, खुर्ची मागच्या बोळात गेली.

ही खुर्ची साधी नव्हे. पाठीला उशी लावून वहिनी सकाळी तिच्यावर बसायच्या, कुंपणाच्या अलीकडे मी चहा घेऊन उभा असायचो, आणि गल्लीत कोण कुठे निघालं आणि कशाला, याचा निकाल आम्ही दोघं लावायचो. ते कामकाजच बंद पडलं.

"भाऊजी, या वयात सवत आणली यांनी," वहिनी म्हणाल्या. "तीही गंजकी."

"वहिनी, रंग दिला की उजळेल."

"तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. तुमच्या पँटींचं काय काय झालंय ते मला माहितीय."

मी मास्तरांनाच गाठलं. ते तारेच्या ब्रशने बॉनेट घासत होते, भुवयांवर तांबडा भुगा.

"मास्तर, कशाला हा उपद्व्याप?"

"आयुष्यभर मशीनचं पायडल मारलं," ते घासता घासता म्हणाले. "एक फूट पुढे गेलो नाही. आता एकदा पाय दाबायचाय आणि पुढे जायचंय. बस."

यावर मला लगेच टोमणा सुचला नाही. घरी गेल्यावर सुचला, पण तोवर शिळा झाला होता.

वहिनींनी मात्र अट घातली. त्यांची धाकटी बहीण राहायला यायची होती, आणि ती आली की दोघी बहिणी पोर्चमध्येच बसतात. "ती येईल त्या दिवशी ही पोर्चच्या बाहेर पाहिजे. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर गेली तर ठेवा रस्त्यावर. नाहीतर भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय."

"चालेल," मास्तर म्हणाले.

"तेच तर बघायचंय."

मास्तर हट्टाला पेटले. इंजिन खोलायला ओळखीचा मेकॅनिक यायचा, पण पत्र्याचं माप मास्तरांनी कोणाला घेऊ दिलं नाही. जुन्या तळावर खाकी कागद पसरला, खडूने आखला, कापला आणि त्या कागदावरून नवा पत्रा कापून आणला. वेल्डरने तो बसवून पाहिला. बसेना. चारी बाजूंनी जास्त.

"मास्तर, हे काय?"

"दीड इंच सोडलाय."

"कशाला?"

मास्तरांनी हातातला खडू खिशात टाकला. "सवय," ते म्हणाले.

"पत्र्याला पोट सुटत नाही हो," वेल्डर म्हणाला आणि कटर चालवायला बसला. कुंपणावरून मला हे सगळं ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला ऐकू आलं. मधे कोण होतं ते सांगायला नको.

मग लाल प्रायमर झाला, हिरवा रंग झाला. सीटचं काम मास्तरांनी आतल्या खोलीत दार लावून केलं. पाहुणी यायच्या आदल्या दिवशी इंजिन धडधडलं, इतकं की आमच्या फडताळातल्या कपबशा नाचल्या. मी कौतुक करायला गेलो आणि सहज विचारलं, "गाडी चालवायला कधी शिकलात?"

"शिकतोय कुठे?"

"म्हणजे येत नाही?"

"जन्मभर लोकांचे सूट शिवले," मास्तर शांतपणे म्हणाले. "एक तरी अंगात घातला का?"

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, किल्ली द्या, दोन मिनिटांत बाहेर काढतो. ऐकले नाहीत. भंगारवाला टेम्पोला टेकून उभा होता. वहिनी पायरीवर, हाताची घडी घालून. मास्तर बसले, गिअर पडला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दोन्ही पाय एकदम खालीवर व्हायला लागले. एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर. जीप पुढे जाई, थांबे, पुढे जाई, थांबे. टाके घालत निघाली म्हणा ना. गेटच्या बरोबर मध्ये धागा तुटला. पुढची चाकं रस्त्यावर, मागची पोर्चमध्ये.

"अर्धी माझी," भंगारवाला म्हणाला.

मास्तरांनी किल्ली फिरवली. नुसती खरखर. पुन्हा फिरवली. कपाळावर घाम आला.

निवाडा द्यायला वहिनी खाली उतरल्या. आत डोकावल्या. बाजूची सीट हाताने दाबून पाहिली आणि बसल्या. बसल्या त्या उठेनात. त्यांची पाठ कुठल्याच खुर्चीला जुळत नाही, सगळीकडे उशी लागते. इथे नेमकी तिथेच गादीला फुगवटा होता.

"माझं माप कधी घेतलंत?"

"माप कशाला लागतं? रोज समोर असतेस."

वहिनी जरा हलून बसल्या. "बाजूला जागा जास्त सोडलीय."

मास्तर खाकरले. "पुढे लागेल."

आता घर डोक्यावर घेतलं जाणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. वहिनी समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "डावा पाय उचला आधी. मशीन नाहीये ती. आणि अर्धी राहिलीय ती काढा बाहेर, माझी बहीण येईल."

खरखर झाली, मग धडधड झाली, आणि जीप सरळ शिवणीत रस्त्यावर आली. भंगारवाल्याने टेम्पो वळवला.

खुर्ची पोर्चमध्ये परत आली, पण सकाळी ती रिकामी असते. वहिनी भाजी निवडतात त्या जीपमध्ये बसून. आणि जीप उभी असते ती माझ्या गेटसमोर, कारण मास्तरांना अजून मागे घेता येत नाही. तक्रार करायचं मी पक्कं ठरवलं होतं. पण परवा कपाटातली काळी पँट घालून पाहिली. मास्तरांशी सध्या वाकडं घेऊन परवडायचं नाही.