डाव्या चाकातले दोन बोल्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो, बाकी सगळं बोलतो, ही एक गोष्ट तेवढी वगळतो. तुम्हाला सांगतोय. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

आधी मी कोण ते सांगतो. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेला मराठी माणूस. आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. मी तेवढा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन मामांच्या लॉरी वर्कशॉपमध्ये हात काळे करायला गेलो. नातेवाइकांना ते फारसं रुचलं नव्हतं. मग मीही हट्टाला पेटलो — वर्कशॉप तर वर्कशॉप, पण तिथे माझ्यासारखा दुसरा कोणी नाही, असं गावाने म्हटलं पाहिजे! हा अहंकार होता. त्याला दुसरं गोड नाव देत नाही.

ते दिवसही तसेच होते. फायनान्सवाले दारोदार फिरायचे. काल दुसऱ्याची लॉरी चालवणारा ड्रायव्हर आज जुनी लॉरी घेऊन स्वतः मालक व्हायचा. मुरुगेसन तसाच. ओरत्तनाडुकडचा. त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने, शेकरने, मिळून एक जुनी लॉरी घेतली होती. मुरुगेसन चालवायचा, शेकर शेजारी बसून भाडी ठरवायचा. लॉरीच्या कपाळावर आईचं नाव रंगवलेलं. मुरुगेसन मला ‘इंजिनियर सार’ म्हणायचा. मी काही इंजिनियर नव्हतो. पण मी त्याला कधी दुरुस्त केलं का? नाही. ऐकायला बरं वाटायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मामा आणि मी वर्कशॉपमध्ये तमिळच बोलायचो. पण गिऱ्हाइकाला कळू नये असं काही असलं की लगेच मराठी. कुठला भाग जुना घातला, कोणाची गाडी उद्यावर ढकलायची, कोणाचं डोकं फिरलंय — सगळं त्याच्या तोंडावर, हसत हसत. गावातल्या आमच्या बहुतेक घरांना ही खोड आहे. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. लहानपणी तर गंमतच वाटायची.

तर — ती नवरात्रातली अष्टमी. दुसऱ्या दिवशी तमिळ लोकांची आयुधपूजा, आमच्या घरातली खंडेनवमी. मामांचा नियम कडक होता. अष्टमीच्या दुपारी सगळी हत्यारं धुऊन, गंध-कुंकू लावून केळीच्या पानावर मांडायची. एकदा मांडली की दसऱ्याला उचलेपर्यंत पान्यालासुद्धा हात लावायचा नाही. आणि नेमका त्याच सकाळी मुरुगेसन लॉरी घेऊन आला. ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकातून टकटक येते म्हणाला. उद्या गाडीची पूजा, दारात केळीचे खांब बांधून झालेत, आई वाट बघतेय. दुपारपर्यंत होईल ना, सार?

होईल, म्हणालो मी. विचार न करता.

चाक काढलं, ड्रम काढला. ब्रेकचे दोन शू ज्या लोखंडी पाटावर बसतात, तो पाट ॲक्सलला बोल्टांनी आवळलेला असतो. तो पाटच सैल झाला होता. बोल्ट बदलायचे — काम एवढंच. नवे बोल्ट मुरुगेसन स्वतः दुकानातून घेऊन आला. जुन्यांपैकी बरेचसे सुटले. दोन मात्र गंजून असे बसले होते की हलायचं नाव नाही.

अशा बोल्टाशी कसं वागायचं ते मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. रॉकेल सोडायचं, थांबायचं. गॅसच्या ज्योतीने भोवतालचं लोखंड तापवायचं. हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यायचे. मग किंचित आवळायचं, किंचित सोडायचं, पुन्हा आवळायचं. हट्ट करायचा नाही. पण मामा पूजेची फुलं आणायला गेले होते, ऊन चढत होतं, मुरुगेसन आणि शेकर टायरवर बसून माझ्याकडे बघत होते. मी पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि सगळा भार टाकला. टक् — डोकं माझ्या हातात, बोल्ट आत. मला स्वतःचाच राग आला. आणि राग आला की माणसाने थांबावं ना? मी दुसऱ्याला पाइप लावला. तोही मोडला.

मामा आले तेव्हा मी गाडीखालूनच, मराठीत, म्हणालो — दोन मोडले, मामा. आत राहिले.

“उगे रहा,” मामा म्हणाले. “गाडी ठेवून घे. पूजा होऊं दे, मग ड्रिल लावून काढूं. त्यास सांग.”

त्यास सांग. मामांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माणूस मेल्यावर त्याच्या माथी खापर फोडणं सोपं असतं. मामांचा यात काडीचाही दोष नाही. ते पानावर मांडायला ड्रिल आणि हातोड्या गोळा करून आत गेले. मुरुगेसनने विचारलं, काय म्हणतात मामा? त्याच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. दोन हातांवर उभा होता तो माझ्यापासून. सगळं त्याच्यासमोर बोललो होतो आणि त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

मी म्हणालो, मामा म्हणतात, लवकर आटप, माळा सुकतील.

का म्हणालो? ‘अण्णा, माझ्या हातून बोल्ट मोडले, गाडी दसऱ्यापर्यंत राहू दे’ — एवढंच तर म्हणायचं होतं. तो चिडलासुद्धा नसता. पण इंजिनियर सारच्या हातून बोल्ट मोडतो? ते शेकरने ऐकलं असतं, चहाच्या दुकानात सांगितलं असतं. मला ते सोसवेना. बस, एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही शोधू नका, मीही खूप शोधलं.

लोखंड चिकटवायचा लेप असतो, दोन वड्या मळून एक करायचा. तो मळला. मोडकी डोकी पुसली आणि जागच्या जागी चिकटवून टाकली. वरून काळा रंग. ड्रम चढवला, चाक चढवलं. मुरुगेसनने चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडत गाडी बाहेर काढली आणि वळणावर दोनदा हॉर्न वाजवला. मामांना नंतर सांगितलं, शेजारच्या वेल्डरकडून मोडक्यांवर नट चिकटवून काढले, नवे घातले. शाबास, म्हणाले ते.

आता तुम्ही म्हणाल, पुढे केव्हातरी दुरुस्त करायचे होते. हो. तोच माझा बेत होता. पुढच्या खेपेला ग्रीस मारायला आला की गुपचूप काढेन. तो आलाही. मार्गळीतल्या, म्हणजे डिसेंबरातल्या, एका थंड सकाळी. हातात ड्रिल होतं, पूजा नव्हती, घाई नव्हती. पण ड्रम उतरवला तर तो विचारणार — कशाला, सार? मी ग्रीस मारलं आणि गाडी सोडली. तुम्हीच सांगा, पहिल्यांदा भित्रेपणा झाला म्हणू, पण दुसऱ्यांदा झाला त्याला काय म्हणायचं?

पोंगल तोंडावर आलं होतं. भाताची पोती भरून ते दोघे कालव्याच्या रस्त्याने येत होते. पुढे अचानक बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला — नंतर मला कळलं तसं सांगतोय — आणि लॉरी थांबायच्या ऐवजी एका अंगाला ओढली गेली. कठडा तोडून खाली. पोती शेकरच्या बाजूने आली. मुरुगेसनचा पाय मोडला. शेकर गेला.

लॉरी ओढायला आम्हालाच बोलावलं. मोटार इन्स्पेक्टरची जीप यायची होती. मामा वर रस्त्यावर पोलिसांशी बोलत होते. मी चिखलातून गाडीखाली सरपटलो. पाट फिरला होता, उरलेल्या बोल्टांची भोकं ओढून लांबट झाली होती — ब्रेक पूर्ण ताकदीने दाबल्याशिवाय असं होत नाही. मी चिकटवलेल्या दोन डोक्यांपैकी एक गळून गेलं होतं. दुसरं अजून तसंच चिकटलेलं — बोटाने ढकललं तर हातात आलं. वरून जीप थांबल्याचा आवाज. लेप खरवडला, नखाने, पेचकसाने, नखातून रक्त आलं तरी खरवडत राहिलो. भोकांना चिखल फासला. डोकं कालव्यात टाकलं. इन्स्पेक्टर वाकले, बॅटरी मारली, म्हणाले, हे पडताना तुटले वाटतं? मी म्हणालो, होय सार. मामाही त्यांच्यामागून खाली आले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पुढे त्यांनी मला ब्रेकचं काम कधी दिलं नाही, आणि का ते कधी बोलले नाहीत.

पण माझा गुन्हा हा नाही. म्हणजे हाही आहे — पण ज्यासाठी लिहायला बसलो तो याच्या पुढचा.

मी दवाखान्यात गेलो. जाणं भागच होतं, न गेलो तर लोक काय म्हणतील? मुरुगेसनचा पाय दोरीने वर टांगलेला. त्याने माझा हात धरला. “सार, मला नीट आठवत नाही. ब्रेक दाबला होता असं वाटतं. मग गाडी थांबली का नाही? ब्रेक बरोबर होता ना?”

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याशिवाय त्याला उत्तर देऊ शकेल असं जगात कोणी नव्हतं.

मी म्हणालो, “ब्रेक चांगला होता, अण्णा. मी स्वतः बसवला. पहाटेपासून चालवत होतास. डोळा लागला असेल.”

त्याने छताकडे पाहिलं. मग मान हलवली. हो, म्हणाला. लागला असेल.

आणि त्याने ते धरून ठेवलं. पोलिसांना तेच सांगितलं. आईला तेच. शेकरच्या बायकोला तर तिच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं, मी झोपलो, माझ्यामुळे गेला. ती आजवर त्याच्या हातचं पाणी घेत नाही. लॉरी भंगारात गेली. त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. एका भातगिरणीवर रात्रीचा वॉचमन झाला. दिवसाचं काम मिळत होतं, त्याने घेतलं नाही. मला म्हणाला होता, झोपेवर माझा भरवसा नाही सार, जागाच बरा.

मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागलो. ब्रेकच शिकवले. पेन्शन घेतो. तो अजून त्याच गिरणीवर आहे, म्हातारा झालाय म्हणून मालक सांभाळून घेतात. गेल्या महिन्यात बसस्टँडवर भेटला. माझ्या मुलीची चौकशी केली, माझ्या हातातली पिशवी घेऊन मला बसमध्ये बसवून दिलं. मी त्याला काही सांगितलं नाही. आणि इथे लिहितोय तेही मराठीत, जे त्याच्या घरात कोणाला वाचता येणार नाही. हे माझ्या लक्षात आलेलं नाही, असं समजू नका.

मुरुगेसन झोपला नव्हता. तो जागा होता, त्याला बैलगाडी दिसली होती, आणि भावाला वाचवायला त्याने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला होता. त्या दिवशी दवाखान्यात त्याचा हात हातात धरून बसलो होतो, तेव्हाही मला हे माहीत होतं.