रजेतला किल्ला

गेल्या हिवाळ्यात आमचे हे रजेवर आले आणि साताऱ्याचा किल्ला बघायचं काढून बसले. इस्लामपूरजवळ आमचा मळा, उसाला तोड आलेली, आणि ह्यांना किल्ला! पण मी निघाले. ह्यांची फौजेतली मुदत संपत आली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं की आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची, ते रजेतच ठरवायचं होतं. आणि त्या विषयावर माणूस तोंड उघडेल तर शपथ!

गडावर पोचलो. हे दरवाजा बघतायत, बुरूज बघतायत, तोफ कुठं ठेवत असतील ते मला समजावतायत.

"आवं, तोफ ऱ्हाऊ द्या. आपलं काय ठरलं?"

"आधी बाग बघू की. लय चांगली केलीया म्हणं."

बाग देखणी होती, खोटं कशाला बोलू? कारंजं, हत्तीसारखी कापलेली झुडपं, सगळं होतं. पण माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. चालून पाय भरून आले म्हणून हिरवळीवर टेकले, तोच शिट्टी वाजली.

"ओ ताई! उठा तिथनं!"

खाकीतला म्हातारा रखवालदार तरातरा आला. मी तोंड सोडणारच होते, पण आमच्या ह्यांनी ताडकन टाचा जुळवून सलाम ठोकला. "राम राम, साहेब!"

ह्यांच्याच पलटणीतले जुने सुभेदार निघाले ते. चार शब्द बोलले, मला म्हणाले, "बस पोरी, बस," आणि शिट्टी खिशात घालून, मान खाली घालून निघून गेले.

हे त्यांच्या पाठमोऱ्या खाकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सुभेदारांनी नुसतं बघितलं तरी आख्खी कंपनी चिडीचूप व्हायची. आता बायकांना गवतावरनं उठवत्यात. मळा दादा बघतोय, तिथं माझं काय काम? घरी आलो तर माझंबी ह्येच व्हणार."

हे होय! ह्यासाठी माणूस तोंड शिवून बसला होता! मला राग आला, आणि रडूही आलं. लग्न झाल्यापासून ह्यांना मी पाव्हण्यासारखंच बघितलं होतं. आले की गोडधोड, गेले की रिकामं घर.

"मग वाजवा की शिट्टी," मी म्हणाले. "रोज वाजवा. पण मला घरात ऐकू यील एवढ्या जवळ वाजवा."